थांब्याचे तास

सोमवार, ४ ऑगस्ट

दोन लाख सत्त्याहत्तर हजार चारशे! हा म्हणे माझा वर्षाचा पगार. कंपनीच्या दाखल्यावर छापलाय. सेतूवाल्याने तो वाचला नि कागद परत सरकवला – "अडीच लाखाच्या वर हाय की मॅडम. स्कॉलरशिपला बसत न्हाय."

पोरीला, उत्कर्षाला, नर्सिंगला नंबर लागलाय. स्कॉलरशिप नसेल तर फी रोख भरा म्हणतात. कुठून भरू?

मंगळवार, ५ ऑगस्ट

हिशेब करून बघितला. ताशी ९५, गुणिले आठ तास, गुणिले ३६५. म्हणजे रविवारीसुद्धा मी टॉवेल शिवते! दिवाळीला शिवते, चौदा एप्रिललाही शिवते!

हसूही आलं. कामाला लागले तेव्हा मीच असं ३६५ ने गुणून सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला तेव्हा कळत नव्हतं. कंपनीलाही कळत नाही?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत एचआरच्या विरेशकडे गेले. पोरगा मान वर करत नाही. "ताई, सिस्टीमच तसं काढतंय." मग सिस्टीमलाच पाठव माझ्या मशीनवर!

खरं काय ते इथे लिहून ठेवते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वर्षाचे २,३७,१२०. तेही मिळत नाहीत. कटिंगहून बंडल आलं नाही, लाइट गेली, की थांबा लागतो. मशीन सोडून उठायचं नाही, पण पैसे नाहीत. रोजचे दोन तास जातात त्यात. राहिले सहा, म्हणजे वर्षाचे एक लाख सत्त्याहत्तर हजार. त्यातून पीएफ, ईएसआय कापून हातात महिन्याला तेरा हजारही पडत नाहीत. वर्षाचे एक लाख पंचावन्न हजार. कागदावर मात्र मी शेठाणी!

बुधवार, १३ ऑगस्ट

शेजारच्या मशीनवरची दाक्षायणी म्हणते, "जाऊ दे की गं. लई डोकं लावतीस तू." अर्जावर पहिली सही हिचीच होती! जूनमध्ये आम्ही अकरा बायकांनी थांब्याचे पैसे मागितले, तो अर्ज. त्याला अजून उत्तर नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज उत्तर आलं. विरेशने आत बोलावलं, दार लावलं. खरा दाखला द्यायला तयार आहेत. एक लाख सत्त्याहत्तर हजार, अडीचच्या खाली. पण आधी एका कागदावर सही हवी – "वर्षात एकूण १८७२ तास काम केले. याखेरीज एकही तास कामावर नव्हते. माझी कसलीही मागणी नाही."

"घरी नेऊन वाचा ताई. सोमवारी सही करून आणा, लगेच दाखला देतो."

हलकट! म्हणजे थांबा कधी लागलाच नाही. थांब्याचे पैसे मागायचे तर पोरीची फी जाते. फी वाचवायची तर ज्या दहा जणींना मी गोळा केलं त्यांच्या पाठीत सुरी. मुठी आवळून बाहेर आले. सात रस्ता चौकापर्यंत चालतच आले, रिक्षात बसवेना. वाटेत एका मोटरसायकलवाल्याला उगाच शिव्या घातल्या.

रविवार, २४ ऑगस्ट, दुपार

सही केली. कुणी काही म्हणो. माझी पोर शिकली पाहिजे.

रविवार, रात्र

उत्कर्षाने कागद वाचला. मोबाइलवर आकडे मोडले. म्हणाली, "ह्याच्यात तर तू वर्षातले तीन महिने कामावरच नव्हतीस, आई. मग तेवढे दिवस घरी का नव्हतीस?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आजवर कधी हात उचलला नव्हता. ती रडली नाही. कागद उचलला नि माझ्यासमोर फाडला.