बोरखडीच्या शिशुवर्गाची फेरपरीक्षा वर्दी न देता घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शिशुशिक्षण प्रमाणपत्र वर्ग,
केडगाव, जिल्हा अहमदनगर.

अर्जदार: दया यशया आढाव, सनदी शिक्षिका, मराठी शाळा, मौजे बोरखडी, तालुका नेवासे.

विषय: प्रात्यक्षिकात नापास झालेला वर्ग माझा नव्हताच; सबब माझ्या वर्गाची परीक्षा घेण्याबाबत.

संदर्भ: आपले निकालपत्र क्र. ४७, ता. १४ मार्च १९४९. त्यातील शेरा: "बालकांत बाल्य आढळले नाही."

महोदय,

आपले निकालपत्र पोचले. रागाच्या भरात सरकारदरबारी लिहू नये असे वडीलधारे सांगत आले, म्हणून तीन आठवडे थांबले. राग काही उतरला नाही. पण पंधरा जून तोंडावर आला आहे, तेव्हा आहे त्या रागानिशी लिहिते.

१. मी फायनल पास असून शिक्षिकेची सनद घेऊन मला सोळा वर्षे झाली. शिशुवर्ग चालवायचा तर त्या सनदेवर शिशुशिक्षणाचे निराळे प्रमाणपत्र लागते, आणि ते पंधरा जूनच्या आत दाखवले नाही तर वर्ग कायमचा बंद, असा वरून हुकूम आहे. त्यासाठी मी मे महिन्याची व दिवाळीची सुट्टी केडगावी आपल्या वर्गात घालवली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मातीची चूल केली, चिंचोक्यांचे हत्ती केले, आणि एकोणीस बायकांच्या रांगेत बेडूक होऊन उड्या मारल्या. बेडकाच्या उड्यांत मला शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण आहेत, ते आपल्याच दप्तरी सापडतील. तेव्हा उमेदवार कामचुकार होती असे कोणी म्हणू नये.

२. प्रात्यक्षिक परीक्षा ता. २१ फेब्रुवारीस बोरखडीत झाली. आपले परीक्षक श्री. मार्तंड नृसिंह जोगळेकर हे सोनईहून बैलगाडीने येणार, म्हणून त्यांना आणायला मी फाट्यावर गेले. घोटाळा तेवढ्या वेळात झाला.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक श्री. गहिनीनाथ तुपे यांच्या डोळ्यांसमोरून पंचवीस वर्षांत पुष्कळ तपासण्या गेल्या आहेत. तपासणी म्हटली की वर्ग सजवायचा, ही आमच्या गावची जुनी रीत. भिंती सारवायच्या, हुशार मुले पुढे बसवायची, नाक वाहणारी मागे, आणि भलतेच खरे बोलून जातील अशी दोनचार त्या दिवशी शेरडांमागे धाडायची. यात त्यांचा हेतू वाईट नसतो. त्या सकाळीही नव्हता. ते मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा. तुमचा वर्ग असा करून ठेवतो की साहेब बघतच राहतील."

साहेब बघतच राहिले, हे खरे आहे.

३. आम्ही पोचलो तेव्हा माझी अडीच ते चार वर्षांची बावीस मुले वर्गात नव्हती. त्यांच्या जागी दुसरी-तिसरीतली बावीस मुले, तेल चोपडलेली, हाताची घडी घालून, चार ओळींत बसली होती. मधे मी मांडून ठेवलेली माती, शंख, चिंचोके जसेच्या तसे पडून. त्यांना कोणी हात लावीना, कारण "हात लावाल तर तंगडं मोडीन" असे मुख्याध्यापकांनी आधीच बजावले होते. परीक्षकांनी मुलांना मनाला येईल ते करायला सांगितले. बावीसही मुलांच्या मनाला एकाच वेळी तेरकीचा पाढा म्हणायचे आले. तेरकी संपली तशी ती चौदकीला लागली.

पुढे बसलेल्या गोरक्षला परीक्षकांनी वय विचारले. हा मुलगा आठ वर्षांचा, त्याचे दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आलेले.

"चार," गोरक्ष म्हणाला.

"आणि गेल्या वर्षी किती होतं?"

"गेल्या साली बी चारच हुतं, सायेब."

"मग पुढल्या वर्षी?"

"गुर्जी सांगत्याल ते."

यावर परीक्षकांनी वहीत बराच वेळ लिहिले. माझ्या पाठांतराच्या जुलमाने मुले अकाली प्रौढ दिसू लागली आहेत, असे त्यांनी नोंदवल्याचे निकालपत्रावरून कळते. ती प्रौढ दिसत होती याचे कारण ती तुलनेने प्रौढच होती.

४. माझी खरी मुले त्या वेळी शाळेमागे झुंबरबाईंच्या गोठ्यात कोंडलेली होती. झुंबरबाई या साठीच्या विधवा बाई, त्यांना अक्षरओळख नाही. शेंगा व गूळ देऊन मुले गप्प ठेवायची, एवढेच काम मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितले होते. परीक्षा आटोपून गाडीकडे जाताना परीक्षक त्या गोठ्यावरून गेले आणि दारात थबकले. आत दोन मुले मोठ्या शेंगा व बारक्या शेंगा वेगळ्या लावीत होती. एक मुलगी तांब्यातले पाणी वाटीत, वाटीतले तांब्यात ओतीत होती, खाली न सांडता. शेणाचा बैल झाला होता, त्याला शिंगे बसवण्यावरून तिघांची पंचायत चालली होती, आणि एकजण म्हशीला गाणे म्हणून दाखवीत होता. झुंबरबाई खांबाला टेकून तंबाखू मळत होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

परीक्षक मला म्हणाले, "बाई, याला म्हणतात शिशुवर्ग. प्रमाणपत्राच्या मागे लागण्याआधी या आजीबाईंकडून चार गोष्टी शिका."

झुंबरबाई म्हणाल्या, "म्या काय करती? आमच्या बाईंनीच शिकीवलंय त्यान्ला."

परीक्षकांना तो त्या बाईंचा विनय वाटला. त्यांनी हसून नमस्कार केला आणि ते गाडीत बसले.

५. आता आपण विचाराल की मी तेव्हाच का बोलले नाही. मुख्याध्यापक माझ्या शेजारी उभे होते आणि माझा गोपनीय शेरा तेच लिहितात. मी भ्याले. हे मी राजीखुशीने लिहून देते. सोळा वर्षे मी मुलांना खरे बोला म्हणून सांगत आले, आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा बैलांकडे बघत उभी राहिले. त्याची लाज मला नापास झाल्याच्या दुःखापेक्षा जास्त आहे. परवा मी मुख्याध्यापकांना सांगितले की मी सर्व लिहून कळवणार. ते म्हणाले, "लिहा. पण माझा हेतू चांगला होता हेही लिहा." ते वर लिहिले आहे.

६. माझी मागणी अशी. परीक्षा पुन्हा घ्यावी. कोणत्याही दिवशी घ्यावी. फक्त आगाऊ वर्दी देऊ नये, मलासुद्धा नाही. परीक्षकांनी तडक वर्गात यावे. काही मुले नागडी असतील, एखादे चावेल. एक मुलगा परक्या माणसाच्या खिशात हात घालतो, ती त्याची स्वयंप्रेरणा आहे असे आपल्याच पुस्तकात दिले आहे.

फेरपरीक्षा नियमात बसत नसेल, तर परीक्षकांनी जो वर्ग नावाजला त्याचे प्रमाणपत्र झुंबरबाईंच्या नावे काढावे. त्या फायनल पास नाहीत, पण परीक्षकांची तोंडी शिफारस त्यांच्यामागे आहे, जी माझ्यामागे नाही. मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहायला तयार आहे. तेही जमत नसेल, तर दुसरी-तिसरीतल्या बावीस मुलांची वये सरकारी हुकमाने चार करावीत, म्हणजे निकालपत्र तरी खरे ठरेल.

७. थट्टा पुरे. हे प्रमाणपत्र मला मिरवायला नको आहे. आमच्या गावात आया उजाडताच खुरपायला जातात आणि धाकटे भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर देतात. म्हणून मुलगी शाळेत येत नाही. तिला बुद्धी नसते किंवा बापाला शाळेचे वावडे असते म्हणून नव्हे. शिशुवर्ग उघडला आणि त्या वर्षी अकरा मुली शाळेत आल्या. भावंड माझ्याकडे ठेवायचे आणि पाटी घेऊन पुढच्या खोलीत जायचे, अशी त्यांची वहिवाट पडली. आपला निकाल आला त्या दिवशी मुख्याध्यापकांनी भिऊन, पंधरा जूनची वाट न पाहता, वर्गाला कुलूप लावले. पुढच्या सोमवारी अकरांपैकी चार मुली आल्या.

त्यांतली अंबिका चौथीत आहे. ती आपल्या अडीच वर्षांच्या भीमाला कडेवर घेऊनच वर्गात बसली. भीमाने नकाशा फाडला, तेव्हा दोघांना बाहेर काढले. आता ती खिडकीबाहेर उभी राहून, त्याला या कडेवरून त्या कडेवर घेत, गणिते ऐकते. उत्तर येते तेव्हा आतल्यांच्या आधी बाहेरून सांगते. मला ते ऐकवत नाही.

आपण फेरपरीक्षा मंजूर करा अगर न करा, आजपासून मी वर्ग माझ्या घराच्या ओसरीवर सुरू केला आहे. ओसरीला कुलूप लागत नाही. शाळेआधी दोन तास आणि मधल्या सुट्टीत मी असते, एरवी झुंबरबाई असतात. ही परवानगीची विनंती समजू नये. पंधरा जूननंतर मुलींना शाळेच्या छपराखाली यायचे असेल, तर मात्र आपला कागद लागेल.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, परीक्षक पाठवावा.

आपली, तूर्त नम्र,
दया यशया आढाव
बोरखडी, ता. ४ एप्रिल १९४९

सोबत:
१. निकालपत्राची नक्कल.
२. गोरक्षच्या जन्मनोंदीचा उतारा.
३. मुलींच्या वतीने एक कागद. डाव्या बाजूस अकरा आयांचे अंगठे, उजव्या बाजूस त्यांच्या अकरा मुलींच्या सह्या. त्यांतली शेवटची सही "अंबि" इथवरच आहे. तेवढ्यात भीमा उठला.