सेटअपला हार्ड डिस्क दिसत नाही

६ एप्रिल २००८, रविवार
नवीन कॉम्प्युटर आला, पण त्यात व्हिस्टा आहे. शिवांजलीचं लग्नपत्रिका करायचं मराठी सॉफ्टवेअर व्हिस्टावर उघडतच नाही. ऐन सीझनला बायकोचं काम बंद. जुना कॉम्प्युटर मीच एक्स्चेंजमध्ये दिला. तो निर्णय तेव्हा बरोबरच होता.
उपाय सोपा. व्हिस्टाशेजारी जुनं XP टाकायचं, म्हणजे दोन्ही चालतील. मेव्हणा शशिधर म्हणाला, दुकानातला माणूस बोलवा. कशाला? कागलला आमच्या कंपनीत स्टोअरचे सगळे कॉम्प्युटर माझ्या हाताखाली आहेत. रोज सकाळी मीच सुरू करतो.

६ एप्रिल, संध्याकाळी
XP चा सेटअप म्हणतो, या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच सापडत नाही. मग व्हिस्टा काय हवेत चालतंय? सीडी खराब असणार.

८ एप्रिल
दुसरी सीडी आणली. हीपण खराब.

९ एप्रिल
कॅबिनेट उघडलं. हार्ड डिस्क आहे. शिवांजलीला बोलावून दाखवली. ती म्हणाली, मला दिसतीय, सेटअपला दाखवा.
केबल काढून परत घातली. एक स्क्रू उरला. कंपनीवाले जास्तीचा देत असावेत.

११ एप्रिल
निदान झालं. डिस्क नव्या SATA पद्धतीची. XP ला तिचा ड्रायव्हर लागतो. सुरुवातीला F6 दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. ऑफिसातून फ्लॉपी आणली.
या कॉम्प्युटरला फ्लॉपी ड्राइव्ह नाही.

१३ एप्रिल
कसबा बावड्याचे गणपतराव मुलीची पत्रिका न्यायला आले. पत्रिका तयार नव्हती. मी त्यांना SATA सविस्तर समजावलं. चहा संपेपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, “पावणं, लगीन तोंडावर आलंय. डिस्क दिसंना तर ऱ्हाऊ दे, पत्रिका तेवढी दिसू दे की.”
शिवांजली उठली आणि शाहूपुरीतल्या एका प्रेसवर जाऊन त्यांची पत्रिका करून आली. बाकीच्याही तिथंच करते म्हणाली. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

१६ एप्रिल, सकाळी
रजा टाकली. विजय. BIOS मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, SATA पुढं AHCI होतं, ते जुन्या पद्धतीचं IDE केलं. सेटअपला डिस्क दिसली.
शशिधरला फोन केला. म्हणाला, आता कशाला हात लावू नका, मी येतो. त्याला श्रेय हवं असणार.

१६ एप्रिल, दुपारी
डिस्कचे दोन भाग दिसले. रिकामा निवडून फॉरमॅट केला. XP बसलं.
व्हिस्टा कुठं दिसेना.
रिकामा भाग दुसरा होता.
पहिल्यात व्हिस्टा होतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरून आणलेली शिवांजलीची सगळी डिझाइन्स होती. बॉर्डरी, कलश, तिनं स्वतः काढलेले गणपती. इतक्या वर्षांचं काम.
मॉनिटर बंद करून ठेवला.

१८ एप्रिल
आज सांगणार होतो. ती प्रेसवरून दमून आली. वेळ योग्य नव्हती. मीच भांडी घासली. ती माझ्याकडे बघत राहिली.

२० एप्रिल, रविवार
सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, “मी सगळं कवाच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय.”
 चार वाईट शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं.
जेवण झाल्यावर तिला XP चालू करून दाखवलं. तिचं सॉफ्टवेअर झटक्यात उघडलं. म्हटलं, आता उद्यापासून घरीच काम सुरू कर.
तर प्रेसवाल्यांनी कायमचं बोलावलंय आणि तिनं हो म्हटलंय. मी म्हटलं, तिथं असलं मशीन तरी आहे का?
“जुनंच हाय,” ती म्हणाली. “पण त्याला कोण हात लावत न्हाय.”