लांब दांड्याचा रॅचेट

सुआमे मॅगझिन, कुमासी
३ फेब्रुवारी १९९७

चि. सेरवा हीस,

क्वाबेना ओपोंग, म्हणजे तुझा सख्खा मामा, याचे आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले आहेत, त्यातून भलता अर्थ काढू नये. अक्षर तुझ्या मामीचं आहे, शब्द माझे. माझा चष्मा फुटला आहे.

दोन वर्षांनी पत्र लिहितोय ते तुझी आठवण येते म्हणून नव्हे. मला एक रॅचेट हवा आहे. माझा बावीस वर्षांचा रॅचेट कुणी मोडला हे तुला ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. त्यानंतर इथल्या बाजारातून एक नवाकोरा घेतला. आरशासारखा चकचकीत होता. तिसऱ्या महिन्यात आतली खिट्टी दातांवरून घसरायला लागली आणि माझी बोटं इंजिनावर आपटली. नव्या मालावरचा माझा विश्वास उडाला आहे. युरोपातल्या गॅरेजात वीस वर्षं घासलेला, तेल प्यायलेला पाना हवा, आणि तो तेमाच्या बंदरात उतरतो. आपल्या सगळ्या गोतात बंदरात राहणारं आणि रॅचेट व पळी यांतला फरक कळणारं माणूस तू एकटीच आहेस, त्याला माझा इलाज नाही.

अर्धा इंची हवा. दांडा लांब, चांगला दोन वितींचा. दात बारीक आणि पुष्कळ. जरासा हलवला तरी पुढचा दात पकडला पाहिजे. उलटसुलट करायची कळ अंगठ्याने सरकणारी. घरात वापरायचा आहे. पलंगाचे बोल्ट, पाण्याचा पंप, असली कामं. स्वतःची अक्कल चालवू नकोस. लिहिलं आहे तेच घे आणि कुमासीच्या बसवर मेन्सा ड्रायव्हर असतो त्याच्याकडे दे.

लोभ होता तेवढा आहे. तो वाढवण्याची घाई नाही.

क्वाबेना ओपोंग


तेमा
११ फेब्रुवारी

ती. मामांस,

सेरवाचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहितात, पण तुमच्यापुढे इतकं वाकायचं माझ्या मनात नाही, म्हणून साधाच. तुम्ही खुशाली विचारली नाहीत, तरी कळवते की खुशाल आहे.

रॅचेट पाठवते आहे, पण तुम्ही लिहिलेला नाही. पलंगाच्या बोल्टला अर्धा इंची लागत नाही, तीन सुताचा पुरतो, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत. घरात हलका, आखूड दांड्याचा, लहान डोक्याचा पाना हवा. तो कपाटामागे, सिंकखाली कुठेही शिरतो. परवा एक कंटेनर उघडला, त्यातली दोन पोती मी जमिनीवर ओतून घेतली. चाळीसेक रॅचेट हाताळले. दोन बोटांनी डोकं फिरवून पाहिलं, कानाशी धरून आवाज ऐकला. ढिला नट घट्ट करताना जो रॅचेट मागे फिरवला की नटालाही मागे घेऊन येतो तो बाजूला टाकला. मागच्या झाकणाला स्क्रू नाहीत तोही टाकला, कारण आतली स्प्रिंग गेली की असला पाना फेकूनच द्यावा लागतो. शेवटी हातात एक उरला. तो पाठवला आहे.

आणि लांब दांडा? मामा, हे तुम्ही लिहिलंत? ट्रकचा बोल्ट गंजून बसला होता, मी रॅचेटच्या दांड्यात पाइप घातला आणि रॅचेट मोडला. चूक माझी, तिथे बिनदातांचा जाड बार लावायला हवा होता, हे मी त्याच दिवशी कबूल केलं. तुम्ही मात्र अकरा फिटरांसमोर म्हणालात की ज्याला दांडा लांब करावा लागतो तो फिटरच नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी माझी मोकळीक, शिकाऊपण संपल्याचा समारंभ, रद्द केलीत. आईने पांढरं कापड शिवून घेतलं होतं, पावडरचा डबा आणला होता, सगळ्या गोताला सांगून झालं होतं. उस्तादाने चारचौघांत डोक्यावर पावडर टाकून हातात पाना दिल्याशिवाय मॅगझिनच्या गॅरेजवस्तीत कुणाला शेड मिळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. पाच वर्षं शिकून आज मी दुसऱ्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या नावावर इंजिनं उघडते. गिऱ्हाईक येतं आणि मला विचारतं की फिटर कुठे गेला.

त्याआधीचे दोन महिनेही मी विसरलेले नाही. पाना मागितला की तुम्ही हातात देत नव्हतात, समोर बाकावर टाकत होतात. कुत्र्याला हाड टाकतात तसा. आईच्या चुलतबहिणीच्या अंत्यविधीलाही आला नाहीत. लोक म्हणतात, ओपोंग मास्टर आता मोठे झाले, खिशात हात घालून उभे असतात, हात मिळवत नाहीत.

लोभाचं मी काय लिहू? शिल्लक असेल तर असू द्यावा.

सेरवा


कुमासी
१९ फेब्रुवारी

चि. सेरवा हीस,

आशीर्वाद मागच्याच पत्रातले चालवून घे.

तुझं खेळणं मेन्साबरोबर परत पाठवत आहे. त्याने उवा माराव्यात. मी अर्धा इंची लिहिला होता, तू तीन सुताचा पाठवलास. लांब दांडा लिहिला होता, तू वितीचा पाठवलास. वर मलाच शिकवतेस की घरात काय लागतं. माझं घर तू बांधलंस का?

त्याला उलटसुलट करायला मागची चकती पिरगाळावी लागते. मला चकती नको, कळ हवी. एका अंगठ्याने इकडची तिकडे गेली पाहिजे, आणि डाव्या बाजूनेही सरकली पाहिजे. पंप भिंतीला खेटून आहे, उजव्या बाजूने हात जात नाही. (पंप अंगणाच्या मधोमध आहे. मी फक्त लिहिते. फ्रेमा.) दात बारीक हवेत ते त्याचसाठी, तिथे हात हलवायला जागाच नाही.

मोकळीक, मोकळीक हे तुणतुणं बंद कर. मोकळीक म्हणजे लग्नातला लाडू नव्हे, आला त्याच्या हातावर ठेवायला. पाइप लावणारीला ती मिळाली नाही हे योग्यच झालं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. बाकावर पाने टाकले म्हणून रडतेस? माझ्या उस्तादाने मला पाना फेकून मारला होता, डोक्यावरची खूण अजून आहे.

अंत्यविधीला मी कुणाच्या जातो, कुणाच्या जात नाही, हा हिशोब तू ठेवू नकोस.

रॅचेट पाठवणार नसशील तर पत्रही पाठवू नको.

क्वाबेना ओपोंग


तेमा
२५ फेब्रुवारी

ती. सौ. फ्रेमामामीस,

सेरवाचा मनापासून नमस्कार. हे पत्र मामांना दाखवू नकोस. मेन्साला सांगितलं आहे की तुझ्याच हातात द्यायचं.

मामी, मी फिटर आहे. कुणी शेडमध्ये येऊन नुसता आवाज सांगितला तरी इंजिनात काय गेलंय ते मी ओळखते. मामांनी दोन पत्रांत तसाच आवाज सांगितला आहे. आयुष्यभर आखूड दांड्यावर मिजास करणारा माणूस लांब दांडा मागतो, म्हणजे जोर कमी पडतो. बारीक दात मागतो, म्हणजे हात पुरता फिरत नाही. कळ डाव्या अंगठ्याने सरकली पाहिजे म्हणतो. आणि चष्म्याचं काय? तीन आठवडे झाले, कुमासीतले काचवाले संपले की काय?

त्यांच्या उजव्या हाताला काय झालंय? आणि कधीपासून? मला त्यांची दया आलेली नाही, तसं समजू नकोस. माझी दोन वर्षं गेली आहेत आणि मला कळायला हवं की कशापायी गेली.

तुझी,
सेरवा


कुमासी
२ मार्च

चि. सेरवास, मामीचे पोटभर आशीर्वाद.

तो शेडवर गेला आहे, तेवढ्यात लिहिते. त्याने घातलेली शपथ मोडते आहे. माझं काय व्हायचं ते होईल.

दोन वर्षांपूर्वी धुळीचा वारा सुटला होता, त्या महिन्यात एके सकाळी तो उठला आणि उजवा हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले खांद्याची नस गेली, आली तर येईल. कमरेपर्यंत येतो, त्याच्या वर नाही. बोटांत पकड आहे थोडी. तेव्हापासून हात खिशात. अंत्यविधीला गेलं की रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवावा लागतो, म्हणून जात नाही. हाताने खायचा फुफूचा गोळा चमच्याने खातो, तेही दार लावून. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी असं पाहिलं नव्हतं. शेडमध्ये तोंडाने काम सांगतो, आणि सगळे घरी गेले की मागे राहून डाव्या हाताने नट घट्ट करून बघतो. रॅचेट त्याला त्यासाठी हवा आहे. घरासाठी नाही.

आता तुझं. तो तुला पाना बाकावर टाकायचा, कारण हातात द्यायचा तर डाव्या हाताने द्यावा लागला असता. तुला, पोटच्या पोरीसारख्या भाचीला, डाव्या हाताने वस्तू देणं त्याच्याने झालं नाही. मोकळीक तर लांबच राहिली. डाव्या हाताने पावडर टाकली असती तर सगळं मॅगझिन म्हणालं असतं की ओपोंगने भाचीला शाप देऊन काढलं, आणि कुणीही तुझ्या शेडमध्ये गाडी लावली नसती. हात अधू झाला असं सांगितलं असतं तर त्याच्या शेडमध्ये कुणी लावली नसती. दिवस जवळ येत चालला होता आणि त्याला झोप नव्हती. तेवढ्यात तू पाइप घातलास. त्याला निमित्त हवं होतं, ते मिळालं. त्या रात्री तो जेवला नाही, एवढं मला माहीत आहे.

वाईट केलं त्याने. मी तोंडावर सांगितलं आहे. पण ते असं आहे.

तुझी मामी


तेमा
९ मार्च

तीर्थरूप मामांस,

सेरवाचा शिरसाष्टांग नमस्कार. पूर्ण लिहिला आहे, मोजून घ्या.

मामीवर चिडू नका, मी आधीच ओळखलं होतं. चिडायचा हक्क आज माझा आहे आणि मी तो पुरता वापरणार आहे. तुम्ही मला खोटं पाडलंत. हात तुमचा गेला आणि फिटर नव्हे असं मला म्हणालात, तेही अकरा जणांसमोर. मी दोन वर्षं रोज रात्री माझे हात उघडून बघत होते की यांत काय कमी आहे. एकदा, फक्त एकदा जवळ बोलावून सांगितलं असतंत की सेरवा, हात वर जात नाही, तर मी तुमच्यासाठी खोटं बोलले असते आणि कुणाला पत्ता लागू दिला नसता. तुम्हाला माझी दया नको होती. मग माझा राग घ्या, तो भरपूर आहे.

रॅचेट सापडला. अर्धा इंची, दोन विती दांडा, बहात्तर दात, कळ अशी की डावा अंगठा नुसता टेकवला तरी सरकते. झाकण मी उघडलं, जुनं ग्रीस पुसलं, पातळ तेल घातलं. घट्ट ग्रीसने बारीक दातांत खिट्टी चिकटते. दांडा लांब असला तरी गंजलेला बोल्ट त्याने उचकटू नका, त्याला बारच लावा. हे मी तुम्हाला सांगते आहे, यातली गंमत माझ्या लक्षात आहे.

पण मेन्साकडे देणार नाही. मी स्वतः आणीन, आणि मोकळीक घेऊनच परत जाईन. तुमचा हात कमरेपर्यंत येतो असं कळलं. पुरे आहे. मी जमिनीवर बसेन. तेवढ्याने भागलं नाही तर आडवी होईन. फिटर जन्मभर गाडीखाली झोपते, मला खाली जायची लाज वाटत नाही. लोकांना दिसेल की भाची मामापुढे फार वाकली. दिसू दे.

लोभ नसेल तरी चालेल. दिवस कळवा.

सेरवा


कुमासी
१६ मार्च

चि. सेरवा,

हे मी स्वतः डाव्या हाताने लिहितोय म्हणून अक्षर कोंबडीचे पाय आहे. अपमान वाटला तर वाटू दे.

रविवार, तीस मार्च. चर्च सुटल्यावर. ते अकरा फिटर बोलावले आहेत. एक मेला, त्याचा भाऊ येईल. त्यांना हाताचं मीच सांगणार आहे, तुला खोटं बोलायची गरज नाही. शेड बंद पडली तर पडो.

आडवी होऊ नकोस, तमाशा नको. बस फक्त. काल मामीला बसवून पाहिलं, हात डोक्यावर टेकतो.

पावडर तू आण. आईने आणलेली मी ठेवली होती, पण ती दमट होऊन तिचे खडे झाले.

लांब दांड्याचा माझा. मोकळीक देताना हातात द्यायला पाना लागतो, त्यासाठी मी परत पाठवला तो तीन सुताचा घेऊन ये. तो चांगला निवडला होतास. तेव्हा लिहिलं नाही कारण तेव्हा भांडत होतो.

पत्र डाव्या हाताचं असलं तरी मेन्साला मामी उजव्या हातानेच देणार आहे.

तुझा मामा