लीडरच्या सहीचा रकाना

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तो खुर्चीतूनच, पण मनाने पूर्ण आडवा होऊन). तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर जातो, हे परवा जुनी डायरी चाळताना लक्षात आलं आणि लाज वाटली. या वेळी खरंच विचारतो आहे. न्याहारीनंतर तुम्हाला जी डुलकी लागते ती कितपत गाढ असते, तेही कळवा. का, ते पुढे येईलच.

इकडे सर्व ठीक, म्हणजे मी जमिनीवर आहे. तुम्ही डॉक्टरांच्या हुकमाने विमान सोडलंत त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या जुन्या विमानांच्या क्लबाचे नियम फार कडक झाले आहेत. तुमच्या काळी दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली की जोडीने उडायला मोकळे. आता नुसता पायलट असून भागत नाही. विंगमन म्हणून, म्हणजे लीडरच्या विमानाशेजारी ठरल्या अंतरावर चिकटून, बारा महिन्यांत पंधरा उड्डाणं करायची, प्रत्येकाच्या फॉर्मवर त्या दिवशीच्या लीडरची सही घ्यायची, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं. एक जरी कमी पडलं तरी पाटी कोरी. माझी गेल्या खेपेला तेरावर कोरी झाली (कांजिण्या, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मामी अजून हसते). या खेपेला चौदा झाली आहेत आणि मुदत या महिनाअखेर संपते. प्रमाणपत्र मिळालं नाही, तर थव्यातली तुमची तीन नंबरची जागा त्या औषधाच्या दुकानवाल्याला जाणार, जो वळताना डोळे मिटतो. ती जागा घरात राहावी एवढीच माझी इच्छा आहे. ती इच्छा आहे की हट्ट, यावर डायरीत चार पानं झाली आहेत. ती तुम्हाला वाचायला लावत नाही.

आता गेल्या रविवारची हकिकत. लीडर होता आपला दंतवैद्य. सकाळी खाली पातळ धुकं होतं, वर लख्ख ऊन. आपल्या उघड्या विमानांत रेडिओ नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर, हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे मोरीने समुद्राला पाणी शिकवावं. बरोबर दहाला तो धावपट्टीवरून उठला आणि धुक्यात दिसेनासा झाला. वीस सेकंदांनी मी उठलो. धुक्याच्या वर आलो तर नियमाप्रमाणे एक विमान डावीकडे सावकाश वळत माझी वाट बघत होतं. मी जाऊन त्याच्या पंखाशी लागलो.

तुमचा पहिला धडा मी विसरलेलो नाही. विंगमनने लीडरवरून नजर काढायची नाही. लीडर डोंगरात शिरला, तर आपणही अंतर न बिघडवता मागोमाग डोंगरात शिरायचं. (हे तुम्ही जेवताना सांगायचात आणि मामी तुम्हाला गप्प बसवायची.) त्यामुळे पन्नास मिनिटं मी त्या विमानाशिवाय काहीही पाहिलं नाही. मामा, मी असा कधीच उडलो नव्हतो. कुणी मागून माझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसं विमान चाललं होतं. फक्त एकदा मी जरा लांब पडलो. तेव्हा लीडरने माझ्याकडे न बघता डाव्या हाताने स्वतःचा खांदा दोनदा थोपटला. मी जवळ गेलो. लहान मुलासारखा गेलो, असं त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे, आणि लीडरच्या गळ्यात मफलर होता, असंही. दंतवैद्य मफलर वापरत नाही. हे मला तेव्हा खटकलं नाही, कारण माझं काम अंतर राखायचं होतं, कपडे तपासायचं नव्हतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एकदा नजर हललीच. खाली धुक्याच्या पांढऱ्या पाठीवर सावली पळत होती. एकच. दुसरी माझ्या पंखाखाली झाकली गेली असेल, अशी मी समजूत घातली. (नजर हलवल्याबद्दल स्वतःचे दोन गुण कापून घेतले.) शेवटी लीडरने मला खाली उतरायची खूण केली. त्याने माझ्याबरोबर उतरायला हवं होतं, पण तो सरळ उन्हाच्या दिशेने निघून गेला.

मी उतरलो आणि हात धुवायला कँटीनमध्ये शिरलो, तर दंतवैद्य चहात बिस्किट बुडवत बसलेला. दुसरा कप. मला बघून म्हणाला, "होतास कुठे रे? आम्ही शोधायला निघणार होतो."

मी म्हटलं, "कुठे म्हणजे? तुमच्या मागे."

त्याचं बिस्किट चहात पडलं. उठता उठताच त्याचं इंजिन खोकायला लागलं होतं. तो धुक्यातल्या धुक्यात एक फेरी मारून दहा वाजून सहा मिनिटांनी परत उतरला होता. परीक्षकबाई मात्र दुर्बीण घेऊन मनोऱ्यावर होत्या. धुकं फाटलं तेव्हा त्यांना वर दोन विमानं दिसली होती आणि त्यांनी मला दहापैकी साडेनऊ दिलेही होते. मग त्यांनी मला लीडरच्या खुणा विचारल्या. खांद्याचं सांगितलं तर त्या वही मिटून म्हणाल्या, ती खूण बेकायदा आहे, एका सभासदाला त्याबद्दल दोनदा लेखी ताकीद गेलेली आहे. कोणाला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

यानंतर सगळे हँगरच्या कोपऱ्याकडे चालू लागले. तुमचं विमान तिथे आच्छादनाखाली उभं आहे. इंजिन वर्षापूर्वीच काढून ठेवलं आहे, नाकाच्या जागी नुसतं भोक. मेकॅनिकने आच्छादन काढलं. पंखांच्या पुढच्या कडेवर किडे चिकटले होते, उडून आल्यावर असतात तसे, ओले. आता मेकॅनिकचा स्वभाव तुम्ही जाणताच. त्याला भीती वाटली नाही, राग आला. "शनिवारी पुसलं होतं मी," म्हणाला, "परत कोण पुसणार?"

दंतवैद्य सही करायला तयार नाही. न काढलेल्या दाताची चिठ्ठी तो देत नाही म्हणाला. त्याचं बरोबरच आहे. बाईंचं म्हणणं असं, की उड्डाण झालं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा ते रद्द होत नाही. पण रकाना कोरा चालणार नाही. जो पुढे होता त्याची सही आणा, नाहीतर येत्या रविवारी दहाला पुन्हा उडा. तो महिन्याचा शेवटचा रविवार. धुकं राहिलं, पाऊस आला, कंबर अडली, की पाटी दुसऱ्यांदा कोरी.

असो. मामीला नमस्कार, आणि तुमच्या खोकल्याला माझ्यातर्फे दटावणी.

तुमचा,
धाकटा भाचा

ता.क. सोबत फॉर्म जोडला आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. त्या वेळी तुम्ही घरी होतात हे मला माहीत आहे, त्यामुळे सही करा असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या मनाला पटलं तरच करा. (शाई निळी.)

ता.क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात मामीचा फोन आला. मी काही सांगायच्या आधी तीच सांगायला लागली, की गेल्या रविवारी न्याहारीनंतर तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत मफलर गुंडाळून झोपलात, मध्येच खांदा थोपटलात, तिला वाटलं डास. पुढे तिने हाका मारल्या, पाणी शिंपडलं, तरी तुम्ही उठेनात, ती शेजारच्यांना बोलवायला चप्पल घालत होती तेव्हा डोळे उघडलेत आणि विचारलंत, "पोरगं नीट उतरलं का?" तेव्हा बारा वीस झाले होते. मामा, मी हिशेब केला. तुमच्या विमानाची टाकी अडीच तासांची. दहा मिनिटांचं पेट्रोल उरलं होतं. इंजिन नसलेल्या विमानाला पेट्रोल किती लागतं हे नियमपुस्तकात नाही, पण उगाच परीक्षा कशाला?

ता.क. ३. जोडलेला फॉर्म काढून घेतला आहे. सही नको. रविवारी मी दंतवैद्याच्या मागे उडेन. नाही जमलं तर तुमची जागा औषधवाल्याला जाऊ दे, तोही कधीतरी डोळे उघडेल. तुम्ही एवढंच करा, की रविवारी दहाच्या सुमाराला झोपू नका. मामीशी भांडा, पत्ते खेळा, उभे राहा. आणि तरीही डोळा लागलाच, तर मी उतरताना उन्हाकडे जाऊ नका. या वेळी खांदा मी थोपटेन. दोनदा. ताकीद आली तर येऊ दे. तुम्ही जवळ या, आणि माझ्याबरोबर खाली उतरा.