ओल्या घोड्याचा वास

प्रिय दादा,

हे पत्र तूच उघडलं आहेस असं धरून लिहायला बसले आहे. इतक्या वर्षांनी पत्र, तेही एवढं जाड, म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं असणार असं तुला वाटेल. तसं नाही. बाबा आहेत, मी आहे, छप्परही अजून गळत नाही. एक मागणं मात्र आधीच करून ठेवते, कारण तू पत्रं शेवटपर्यंत वाचत नाहीस हे मला माहीत आहे. उत्तर पाठव, आणि ते तुझ्या हातचं पाठव. टाइप केलेलं नको, कुणाकरवी निरोप नको. दोन ओळी चालतील. का, ते सांगते, पण आधी मला एका दाढीच्या ब्रशबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस.

बाबांना झटका आला तेव्हा मी तुला कळवलं होतं. तुझं कार्ड आलं, त्यावर फक्त ‘काळजी घे’ होतं. कुणाची, ते लिहिलं नव्हतंस. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, दाराची कडी अडकली आहे. दाढीला घरी न्हावी येत असे. एके दिवशी बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, ते सुटेना. वस्तरा खाली पडला. तो बिचारा मला म्हणाला, “ताई, हा हात म्हणजेच माझं दुकान आहे, मला माफ करा,” आणि गेला तो परत आला नाही. विजेवरचं मशीन आणलं तर त्याच्या आवाजाने बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी मीच करायचं ठरवलं. जन्मात कधी पुरुषाची दाढी केली नव्हती. बाबांचा जुना ब्रश जुन्या केरसुणीसारखा झाला होता आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असल्याने साधा ओरखडाही परवडणार नव्हता. म्हणून नवा ब्रश घ्यायला गेले.

दुकानदार बोलघेवडा. त्याने चार ब्रश काचेवर मांडले आणि माझ्या हाताची पालथी बाजू पुढे करायला लावली. म्हणाला, गालाला काय वाटेल ते तळहाताला कळत नाही, त्याची कातडी निबर असते. डुकराच्या केसांचा टोचला. नायलॉनचा गुळगुळीत, पण त्यात जीव नव्हता. बिजू नावाच्या जनावराच्या केसांचा होता, त्याची किंमत ऐकून मी हात मागे घेतला. चौथा दाबला तर केस आधी ताठ राहिले, मग सावकाश झुकले आणि हात उचलताच पुन्हा उभे राहिले. मी विचारलं, हा कशाचा. “घोड्याचा. मारून नाही हो काढत, ताई. त्याचीही कटिंग होते, आपल्यासारखीच. फक्त तो टिप देत नाही.” मी हसले. घेऊन टाकला. दादा, मी इथे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते की तेव्हा मला आपली काजळी घोडी आठवली होती का. रोज रात्री डायरी लिहिते, त्या दिवशी ‘ब्रश घेतला’ एवढंच लिहिलं. आठवली नव्हती असं शपथेवर सांगता येणार नाही.

दुकानदाराने सांगितलं होतं, ब्रश माणसाळवावा लागतो. पहिले काही दिवस त्याला जनावराचा वास येणार आणि एखाद-दुसरा केस गळणार. कोमट पाण्यात भिजवायचा, साबणाचा भरपूर फेस करून तसाच ठेवायचा, धुवायचा, झटकायचा, केस खाली करून टांगायचा. असं करत राहिलं की टोकं मऊ होतात, फेस धरायला लागतात आणि वास जातो. मी एकदाच भिजवला, धुतला आणि मला वाटलं, पुरे. सकाळी बाबांना खिडकीशी बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, समोर आरसा ठेवला. कोमट पाण्यात ब्रश बुडवला आणि खोलीभर वास सुटला. तुला तो सांगायची गरज नाही. बाबा पागेतून आले की त्यांच्या शर्टाला यायचा तोच, पण ओला.

मी गालावर फेस फिरवत होते. एक काळा केस सुटून बाबांच्या हनुवटीला चिकटला. त्यांनी डावा हात वर नेला, तो केस चिमटीत धरला, उजेडासमोर ताणला आणि म्हणाले, “आयाळीचा आहे. शेपटीचा नाही.” स्पष्ट. झटक्यानंतरचा पहिला शब्द. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग माझ्या खांद्यामागे पाहत, पूर्वी हाताखालच्या माणसांशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “ओली आहे ती. पुसून घ्या. उभ्या उभ्या गारठेल.” मी मागे वळले. मागे कपाट होतं.

त्या संध्याकाळबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा लिहून बघायचं आहे. तू बाबांना न विचारता काजळीला घेऊन गेलास, नदीच्या उथळ वाटेने पलीकडे जायला. पाणी वाढलं होतं. तू बाहेर आलास, तीही आली, पण तीन पायांवर. तुम्ही दोघं पागेच्या दारात निथळत उभे होता आणि मी कंदील धरून होते. बाबांनी तिचा मोडलेला पाय चाचपला, जनावरांच्या डॉक्टरला शेवटची सुई द्यायला बोलावून आणायला सांगितलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले ते ती संपेपर्यंत. मग तुला म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू त्यांचं ऐकलंस. आयुष्यात त्यांची एवढी एकच गोष्ट तू तंतोतंत पाळलीस.

तर त्या सकाळनंतर दाढी हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला. फेस लागला की बाबा बोलायचे, पुसला की गप्प. दुसऱ्या खेपेला घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार आला. तो जाऊन किती वर्षं झाली. बाबा त्याला म्हणाले, “विडी बाहेर टाकून ये रे. गवत पेटलं तर तुझा बाप विझवणार आहे का?” आणि स्वतःशीच हसले. एकदा त्यांनी टॉवेल नीट केला, ताठ बसले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “आलीस? बस ना. पोरगी करते आहे सगळं, तू नको करूस काही.” मला आईसाठी जागा सोडून किंचित सरकून उभं राहावंसं वाटलं. मी सरकले. दर वेळी मी आरशात पाहायचे. आरशात बाबा, फेस, मी आणि मागे कपाट. दिवसा त्यांच्याजवळ बसायला मावशी येतात, त्या म्हणायच्या, “बाबा आज खुशीत दिसतात, ताई. काय जादू केलीत?” मी सांगितलं नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पण तो आवाज ऐकायची इतकी भूक होती, की भीतीला मी बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

घोडं पेंड खातं ते पुढेच. ब्रश माणसाळत चालला. टोकं रेशमासारखी झाली, फेस साईसारखा यायला लागला, वास विरत गेला. तसे बाबाही विरत गेले. आधी वाक्यं तुटली, मग नुसते ओठ हलायचे, मग तेही थांबलं. मी काय केलं असेल? दुकानात गेले आणि नवा आणला. दुकानदार म्हणाला, “इतक्यात झिजवलात? घरात पागा आहे की काय?” मी म्हटलं, होती.

हा दुसरा ब्रश मी मुद्दाम नीट धुतला नाही. वास पहिल्यापेक्षा उग्र होता. पहिल्याच सकाळी बाबा म्हणाले, “या नालवाले. हातोडा कुठं विसरलात? रिकाम्या हाताने कसे आलात?” आणि मला, खरं सांगू, हायसं वाटलं. कारण आपल्या घोड्यांना नाल ठोकणारे नालवाले जिवंत होते. महिन्याभरापूर्वीच बाजारात भेटून माझ्या पाठीवर थाप मारून गेले होते. म्हणजे बाबांकडे येतात ते केवळ मेलेले नव्हेत, त्यांच्या डोक्यातली जुनी पागा जागी होते, एवढंच. शिकलेल्या माणसाला पटेल असं हे उत्तर होतं. गंमत सांगावी म्हणून मी संध्याकाळी नालवाल्यांच्या घरी गेले. दारात चपलाच चपला. सून बाहेर आली, माझा हात धरून म्हणाली, “सकाळीच गेले हो. अंघोळीचं पाणी तापत होतं, तेवढ्यात. तुम्हाला कुणी कळवलं?” बाबांनी, असं कसं सांगणार.

योगायोग असेल. ते ऐंशीच्या पुढचे होते, आणि इतक्या दिवसांत बोलावलेल्या माणसांत एखादा असा निघणारच, हे मी स्वतःला समजावलं आणि बऱ्याच अंशी पटवलंही. तरी दुसरा ब्रश मी खोक्यात घालून दोऱ्याने बांधला आणि माळ्यावर टाकला. डब्यातला तयार फेस आणला. बाबांना त्याचं पुरळ उठलं. गाल लाल, आणि डोळे माझ्याकडे असे, की जणू मी त्यांच्या तोंडावर दार लावलं आहे. ते बघवेना, म्हणून मी पहिला ब्रश पुन्हा काढला, पूर्ण माणसाळलेला. धुऊन नाकाशी धरला. साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. मावशींनाही हुंगायला दिला. त्या म्हणाल्या, “चांगला आहे की. घ्या, फासा.” काही आठवडे शांततेत गेले. बाबा गप्प, गाल बरे, मी शाळेत जाते, मुलांना नकाशे शिकवते, येते.

आणि आता परवाचं. बाबांना खिडकीशी बसवलं, तोच साधा माणसाळलेला ब्रश बुडवला, फेस केला. एका गालाचा झाला, दुसऱ्याकडे वळले आणि वास आला. ब्रशचा नव्हे. ब्रश माझ्या नाकाखाली होता, मी हुंगून पाहिला. वास माझ्या पाठीमागून, दाराकडून येत होता. बाबांनी मान वळवली, जी त्यांना वळवता येत नाही, आणि बघत राहिले. मग म्हणाले, “किती भिजलास. ये, आत ये. उंबऱ्यात उभा राहू नकोस.” थोडं थांबून, अगदी हळू, “ती बरी आहे रे. चारी पायांवर उभी आहे, बघ. मी काही बोलत नाही तुला. बस.” मी वळले नाही. आरशातही पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले. नंतर पाहिलं तेव्हा उंबऱ्याजवळचं पायपुसणं ओलं होतं. पाणी माझ्याच हातातून सांडलं असेल. भांडं किती भरलेलं आहे ते मी तपासलं नाही, आणि का तपासलं नाही हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. दादा, हे शब्द त्यांच्या तोंडून निघावेत आणि मी ते तुला लिहून पाठवावेत, याच्यासाठी मी इतकी वर्षं या घरात थांबले. ते निघाले. आता ते तुला पाठवायचे, तर तू हवास. तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. मी तो लावला, आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून दिला, कारण तो कुणीतरी दुसऱ्याने उचलला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. पत्राचं तसं नाही. पत्र पोचेपर्यंत, आणि तुझं उत्तर येईपर्यंत, तू आहेस. तेवढे दिवस मला हवेत, आणि त्यानंतरचेही. म्हणून तुझं अक्षर हवं, तो वाकडा ‘ळ’ हवा, जो दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. आज सकाळी मी ब्रश टाळून पुन्हा डब्यातला फेस काढला, तो बाबांनी हाताने बाजूला सारला आणि दाराशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. मी तिच्यावरचे कपडे काढून ठेवले आहेत. तू असशील तर लवकर ये, आणि येशील तेव्हा कोरडा ये.

तुझ्या अक्षराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
बारकी