दरम्यान एक गोल झालेला आहे

चि. मावसबंधू यास,

अनेक आशीर्वाद. (तू माझ्याहून जेमतेम चार महिन्यांनी धाकटा, पण चार महिने म्हणजे चार महिने, वडीलकी मी सोडणार नाही.) गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढतोस असं तू फोनवर म्हणालास तेव्हा मागून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, म्हणून खरं वर्तमान त्यांच्याकडूनच घेईन.

पत्रास कारण, आपले तपशीलराव गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, झोपेतच गेले. त्यांचं नाव काढताच तू विषय बदलतोस, म्हणून फोन न करता लिहितोय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

शनिवारी दुपारी चारला त्यांच्या टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत शोकसभा आहे. त्यांच्या जुन्या समालोचनातले तुकडे निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी संस्कृतचा मास्तर, आणि जुनं ते सगळं संस्कृतवाल्याला कळतं अशी तिथल्या व्यवस्थापक बाईंची समजूत आहे. तीन दिवस त्या बिनखिडकीच्या खोलीत बसलो. यंत्राने पहिल्या दोन टेपा चावून खाल्ल्या. तिसरीवर 'अंतिम सामना' असं लिहिलेलं, आत निघालं कुंड्यांचं प्रदर्शन. (तेही तपशीलरावांनीच सांगितलेलं, आणि खोटं कशाला बोलू, शेवटी शेवटी चुरशीचं झालं होतं.)

माणूस रेडिओवरून टीव्हीवर आला, पण समोरच्याला दिसतं ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतलीच नाही. चेंडू कुठल्या पायाने मारला, वारा कुठून होता, पंचांनी शिट्टी कुठल्या खिशात ठेवली, सगळं सांगायचे. हल्ली तिघे बसतात. दोघे स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलतात, तिसरा हसतो, आणि चेंडू बिचारा पोरका फिरतो. मी एकदा त्यांना ऐकवलं होतं की समालोचन शब्दातला मूळ धातू पाहण्याचा आहे, बोलण्याचा त्यात कुठेच नाही. म्हणाले, "बरोबर आहे गुरुजी. आधी पाहावं, मग तोंड उघडावं. हल्लीच्या पोरांचा क्रम तेवढा चुकतो."

तर चौथ्या टेपेत तूच निघालास. फुटबॉलचा अंतिम सामना, तू बाकावर, राखीव, नंबर चौदा. "चौदा नंबर उठले आहेत. मैदानाकडे पाहिलं. पुन्हा बसले आहेत. डाव्या बुटाची नाडी सोडली. घट्ट बांधत आहेत. केस घामाने कपाळावर आले आहेत, ते मागे सारले." मग उजवा बूट सुरू झाला, आणि पडद्यावर चेंडू जाळ्यात गेला. तपशीलराव उजव्या बुटाची गाठ पूर्ण होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "दरम्यान एक गोल झालेला आहे."

पुढचं तू भोगलंसच. गावभर 'नाडी' झालास. डॉक्टरांनी मनगट धरून "नाडी उत्तम आहे" म्हटलं तर तू हात ओढून घेतलास. एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. त्या गोलापायी वाहिनीच्या साहेबांनी तपशीलरावांना दोन वर्षं एकाही अंतिम सामन्याला बसू दिलं नाही. का केलंत असं विचारलं तर म्हणाले, "नजर तिकडे गेली."

तुला ये असं म्हणत नाही. तुकडा दाखवणार आहेत, एवढंच आधी कळवून ठेवतो. माझ्यापुरतं म्हणशील तर त्या माणसाचा मी ऋणी आहे. बघायचं कसं ते मला व्याकरणाने नाही, त्यांनी शिकवलं.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला सबुरी.

तुझा वडील बंधू (चार महिन्यांनी का होईना)

ता. क. एक कबुली राहिली. सामन्याच्या आदल्या दिवशी मीच तपशीलरावांकडे गेलो होतो. मावशीची नजर तेव्हा बहुतेक गेलेली होती. तू खेळ सोडून घरी बसशील म्हणून तिने ते तुला कळू दिलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "चौदा नंबरची आई टीव्हीसमोर असेल, पण तिला दिसणार नाही. जमलं तर दोन शब्द त्याच्याबद्दल." मी दोन म्हणालो होतो, पण माणूस तपशीलराव. इकडे मावशी खोलीभर सांगत होती, "उठला माझा लेक! बसला. अगं, केस सारखे केले." कोण जिंकलं ते तिला आजही सांगता येणार नाही. महिन्याभरात तुला तिच्या डोळ्यांचं कळलं, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण तोवर तुझा राग एवढा वाढला होता की मी घाबरलो. तू रस्त्यात त्यांच्याकडे पाठ फिरवायचास, आणि त्यांनी ना साहेबांना माझं नाव सांगितलं, ना तुला.

आणखी एक. मावशी सभेला यायचं म्हणते. कोण आलं, कोण रडलं, पडद्यावर काय चाललंय, हे शेजारी बसून सांगणारं कुणी तिला हवं आहे. मी तयारी दाखवली, तर म्हणाली, "तू नको रे. तू शब्दांची फोड करत बसशील आणि माणसं उठून जातील. त्याला विचार, येतो का."

विचारलं.