सही जुळत नाही

३ मार्च, सोमवार

मी मी नाही! बँकेनं आज तसं लेखी दिलंय. "अर्जदाराची सही नोंदीतील सहीशी जुळत नाही. अर्ज परत." खाली गोल शिक्का. दोन आठवडे कागद गोळा करत वणवण फिरले, दोन रजा गेल्या, पायांचे तुकडे पडले — आणि हाती काय, तर हे!

कर्जाच्या टेबलावर एक साहेब बसतो, माझ्या लेकीच्या वयाचा. निळा टाय. मी त्याचं नाव टायवालाच ठेवलंय.

"मॅडम, फोटो जुळतो. सही जुळत नाही."

"मग फोटोतली बाई कोण? माझी जाऊ?"

हसला नाही मेला. स्क्रीन माझ्याकडे वळवली. बावीस वर्षांपूर्वी पगाराचं खातं उघडलं तेव्हाचा फॉर्म. त्यावर माझं नाव — तिरकं, झोकदार, खालून लांबलचक फराटा. अशी सही मी जन्मात केलेली नाही.

पण अक्षर ओळखलं. ह्यांचं!

४ मार्च

काल रागाच्या भरात पुढचं लिहिलं नाही. आज लिहिते.

ह्यांचा धंदाच तो. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, फॉर्म भरून द्यायचे. तीस वर्षं. अक्षर असं की लोक लग्नपत्रिकेवरची नावं घालायलासुद्धा ह्यांच्याकडे यायचे. आणि घरचे फॉर्म तर काय, घरचा कारखाना! शाळेचे, गॅसचे, विजेचे, माझ्या ओळखपत्राचे. भरायचेही हेच आणि सही ठोकायचेही हेच. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या नावाची सही — ह्यांची. चेकवर माझी सही — ह्यांची. खातं उघडलं त्या दिवशी माझी डबल ड्युटी होती. "तू कशाला रजा घालवतेस? मी करून टाकतो." टाकलं करून!

आणि मी? मला बरंच वाटलं होतं तेव्हा. नवरा किती करतो म्हणून मैत्रिणींना सांगायचे. बाई गं.

दीड वर्षापूर्वी ह्यांनी टेबल बंद केलं. "सगळे मोबाइलवर फॉर्म भरतात, माझ्याकडे कोण कुत्रं येतंय?" म्हणून राहतं घर विकत घ्यायचं कर्ज माझ्या नावावर. माझी नोकरी अजून अकरा वर्षं आहे. या खेपेला फॉर्मही मीच भरला. "शीक की आता," म्हणाले. शिकले. बावीस वर्षांत पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या हातानं सही केली, आणि तीच खोटी ठरली!

७ मार्च

हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायची खोली माझ्या ताब्यात आहे. कात्र्या, चिमटे, सुऱ्या — धुवायचं, मोजायचं, बांधायचं, भट्टीत घालायचं. बाहेर आलेल्या प्रत्येक ट्रेवर लेबल, आणि लेबलावर माझी सही. ती नसेल तर मोठ्यातला मोठा सर्जनही ट्रेला हात लावत नाही. आज सकाळपासून एकतीस सह्या केल्या. माझ्या सहीवर लोकांची पोटं उघडतात!

आणि त्या टायवाल्याला मी कोण ते कळेना.

शेवटच्या चार लेबलांवर एवढ्या जोरात पेन दाबलं की कागद फाटला. पुन्हा लावावी लागली.

१० मार्च

आज म्हटलं, सही बदलून घेऊ. फॉर्म मिळतो त्याचा. त्यात दोन चौकोन. एका चौकोनात नवी सही करायची. दुसऱ्यात — जुनी!

"अहो साहेब, जुनी येत नाही म्हणून तर बदलतेय ना?"

"नियम आहे, मॅडम. नाहीतर कोणीही येऊन कोणाचीही सही बदलेल."

कोणीही! हातात ओळखपत्र, खिडकीवर माझा चेहरा, मागच्या रांगेत आमच्याच हॉस्पिटलचा वॉर्डबॉय "सिस्टर, लवकर आटपा" म्हणून ओरडतोय. तरी मी कोणीही.

खरं सांगून टाकावं, असं तोंडावर आलं होतं. बाहेर येऊन लेकीला फोन केला, ती परगावी असते. ती केवढ्यानं किंचाळली! "आई, बाबांनी सही केली असं चुकूनही बोलू नकोस! फसवणूक म्हणून दोघांना आत घेतील." म्हणजे तेही दार बंद. खोटं त्यांनी करायचं आणि तोंड मी दाबायचं.

११ मार्च

मग एकच रस्ता उरला. माझी सही मी शिकायची! ह्यांच्यापुढे कागद ठेवला, पेन ठेवलं. "एकदा करून दाखवा. वळण कळेल."

हे पेपर वाचत होते. मान वर नाही. "जुन्या चेकबुकात एखादा रद्द चेक असेल. बघ."

"चेकबुकात बारीक आहे. फराटा कुठून उचलता ते कळत नाही. दोन मिनिटांचं काम आहे हो."

"तुझी सही तूच शीक."

माझी सही! चोराच्या वर शिरजोर! कागद चुरगाळून भिरकावला. ह्यांनी निमूटपणे उचलला, सरळ केला आणि पेपराखाली ठेवला.

१२ मार्च

स्वयंपाक केला. वाढला नाही.

१५ मार्च

ट्रे गुंडाळायचा कागद पातळ असतो, आरपार दिसतं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या काचेवर चेकबुक टेकवलं, वर कागद, आणि गिरवत बसले. एकोणपन्नास वर्षांची बाई स्वतःचं नाव गिरवतेय! हाताखालची मुलगी आली, म्हणाली, "सिस्टर, कोणाची सही मारताय?"

"माझीच," म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. पोट धरून हसली.

साठएक वेळा केली. तिरकेपणा जमतो, पण झोक येत नाही. ह्यांचं मन किती निवांत असेल तेव्हा! नाव माझं, पण मी एवढ्या ऐटीत ते कधी लिहिलंच नाही. माझी सही म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखी, अंग चोरून. याचाही रागच आला.

१८ मार्च

पुन्हा बँक. पुन्हा फॉर्म. सही केली. टायवाल्यानं भिंग काढलं! खरोखरचं भिंग! एकदा सहीकडे, एकदा माझ्याकडे.

"मॅडम, ही ओढूनताणून केल्यासारखी वाटते."

वाटलं, ते भिंग घेऊन त्याच्याच टायवर आपटावं. पण घर पाहिजे ना! त्यालाच काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणला. "खात्यात दुसरं नाव मिस्टरांचं आहे ना? त्यांची सही नोंदीत आहे. त्यांनी समोर येऊन तुमची ओळख पटवली, हमीपत्रावर स्वतःची सही केली, की तुमची नवी सही मी लगेच नोंदवतो. दहा मिनिटांचं काम."

एवढंच! पंधरा दिवस जीव टांगणीला लागला होता, आणि एवढंच! घरी अक्षरशः पळत आले. ह्यांना सांगितलं.

"बघू," म्हणाले.

२० मार्च

आज पोटात दुखतंय म्हणे. दोन वेळा चहा घेतला, पेपर वाचला, शेजाऱ्याशी तासभर गप्पा मारल्या. बँकेचं नाव काढलं की पोट!

२१ मार्च

आज दाढी केली, शर्ट घातला, खिसा चाचपला, चप्पल घातली. जिन्यापर्यंत आले. मग म्हणाले, "शुक्रवारी गर्दी असते." आणि परत फिरले. मी अर्ध्या जिन्यात पिशवी घेऊन उभी. खालचा दुकानदार बघत होता.

२५ मार्च

घरमालक आला होता. भला माणूस आहे, पण त्याची बायको भली नाही. या दोन खोल्यांत आम्ही एकोणीस वर्षं आहोत. लेक इथूनच शाळेत जायला लागली. म्हणून विकायला काढल्या तेव्हा पहिला हक्क आमचा म्हणाला, इसार घेऊन थांबला. "वहिनी, एकतीस तारखेपर्यंत थांबतो. दातांचे डॉक्टर मागे लागलेत, त्यांना दवाखाना काढायचाय. एक तारखेला मला काही बोलू नका."

हे आतल्या खोलीत बसून होते. बाहेरसुद्धा आले नाहीत. पाणी मीच दिलं, हातापाया मीच पडले.

२६ मार्च

आज फुटले. भिंतीपलीकडच्यांनी ऐकलं असेल तर ऐको.

म्हटलं, घर नको असेल तर तसं सांगा! दातांच्या डॉक्टरला किल्ली देऊन मोकळी होते. बावीस वर्षं माझ्या नावानं सह्या करत सुटलात, मला विचारलं होतं? माझं नाव म्हणजे तुमच्या टेबलावरचा फॉर्म! आणि आता एकदा, फक्त एकदा स्वतःच्या नावाची सही करायची तर तुमची बोटं झडतात का? कसला माज आहे हा? गिऱ्हाईक आलं की उठून उभे राहायचात, तिथं लाज नव्हती. बायकोसाठी बँकेत उभं राहायचं तर कमीपणा!

अजून बरंच बोलले. लिहीत नाही.

हे खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीखाली. लहान पोरासारखे. मला तर आणखीच चीड आली. "हात काय दाबून बसलात? बोला ना काहीतरी!"

म्हणाले, "परवा येतो."

"उद्या का नाही?"

"परवा येतो म्हटलं ना."

२७ मार्च

बोलणं बंद. लेकीचा फोन आला तेव्हा दोघंही नीट बोललो. तेवढं येतं आम्हाला.

२८ मार्च, शुक्रवार

टायवाल्यानं हमीपत्र पुढे ठेवलं, वर पेन ठेवलं. ह्यांनी पेन उचललं आणि बोटं आत वळली. एकदम, मूठ झाली. पेन टेबलाखाली गेलं. मी वाकून उचललं, पुन्हा दिलं. पुन्हा तेच. चहाचा कप धरतात, चप्पलचा पट्टा लावतात. पेन धरलं की हे!

मग ह्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरचा दाखला. तारीख टेबल बंद केलं त्या आठवड्यातली. टायवाल्याला शांतपणे म्हणाले, "सही करता येत नाही त्या खातेदाराचा वेगळा फॉर्म असतो. दोन साक्षीदार लागतात. तो द्या, आणि शाईचं पॅड."

अंगठा दिला. माझी नवी सही नोंदली गेली, कर्जाचं काम झालं. बाहेर पायरीवर बसवून मी पदरानं त्यांच्या अंगठ्याची शाई पुसत होते. निघेना.

म्हणाले, "लेकीला सांगू नकोस."